कुंचीवरची रांगोळी

कोणतंही चित्र हातात दिलं की खाकेवाले काका आधी ते उलटं धरायचे. गिऱ्हाईक बावरायचं. काका शांतपणे म्हणायचे, "सरळ धरलं की मोर दिसतो. उलटं धरलं की रेघ दिसती. आपल्याला रेघच पाहिजे."

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. नांदेडात आमच्या घरासमोरच्या खोलीत ते एकटे राहत आणि मी घरी शिलाई मशीनवर भरतकाम करी. लोक कॅलेंडरवरची चित्रं घेऊन येत. काका त्यातलं मशीनला झेपेल तेवढंच पातळ कागदावर उतरवत आणि रेघेरेघेनं सुईनं भोकं पाडत. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून घासलेटात कालवलेली नीळ फिरवली की खाली ठिपके उमटत, आणि त्या ठिपक्यांवरून माझी सुई धावे.

एकदा एका जागीरदाराचा कारभारी पडद्यासाठी वाघाचं चित्र घेऊन आला. मिशा भरघोसच हव्यात म्हणून हटून बसला. "साहेब, लई मिशा दिल्या तर वाघाचं मांजर हुतंय," काका म्हणाले. कारभाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला. मी घाईघाईने मान खाली घातली.

एरवी काका फार थट्टा करत नसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती लेक लातूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सासरच्यांनी कळवलं, घरात बाईमाणूस नाही, कुणाच्या भरवशावर पाठवायची? बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते काकांना जास्त लागलं.

निदान बारशाची कुंची तरी आजोळची हवी. एका सकाळी ते कोरा कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"सूनबाई, पोरीची आई काढायची ती रांगोळी कुंचीवर भरायची हाय. पोरगी बघितल्या बघितल्या ओळखंल."

"मग काढा की."

"तीच तर ध्यानात येऊन नाही राहिली. रोज ओलांडून कामाला गेलो. बघितली कुठं?"

गावाची चित्रं उतरवणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या दारातलं चित्र रोज केरसुणीखाली गेलेलं. त्यांनी कितीतरी कागद वाया घालवले. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकीला कमळ आठवे, दुसरीला शंख. शेवटी कमळाचा खाका झाला. "हीच, हीच," काका म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मी जीव ओतून कुंची भरली.

बारशाहून ते परतले तेव्हा मी हातातलं काम टाकून विचारलं, "ओळखली का?"

"न्हाई." ते पायरीवर बसले. "म्हणली, आबा, आईची अशी न्हवती. लेकरू नणंदेच्या मांडीवर दिलं अन् तिथंच भुईवर पिठानं काढून दावली. तीच होती, सूनबाई! मीच लगेच ओळखली."

"मग उतरवून न्हाई आणली?"

"इथं आणून कुणाला दावू?"

"चार दिवस राहायचं होतं तिथंच. डोळे भरून बघितली असती."

"लेकीच्या घरी कुठं राहत्यात?"

फार वाईट वाटलं मला.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. सुतक फिटल्यावर लेक खोली रिकामी करायला आली. भांडी, कपडे, खाक्यांच्या गुंडाळ्या, सगळं तिने बांधलं. मग दारापुढे झाडलं, सडा टाकला आणि बसून रांगोळी काढली. कमळ नव्हतं, शंखही नव्हता. दाराकडे तोंड केलेल्या पाखरांची एक ओळ होती नुसती.

मोटारीची वेळ झाली तशी ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि निघून गेली. कुलूप लावलेल्या दारापुढे रांगोळी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.