मोहाच्या दिवसांतली हजेरी

चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात मी आधी अकरा वर्षं सरकारच्या बाजूनं उभा राहिलो आणि मग सरकारच्या विरुद्ध. काळा कोट तोच, तापट डोकंही तेच. घरचे म्हणतात, हा झोपेतसुद्धा हरकत घेतो.

सरकारी वकील असताना रोजंदारी मजुरांच्या केसेसमध्ये माझा एक ठरलेला प्रश्न असे. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केल्याचं मजुरानं दाखवलं, की त्याला नोटीस न देता काढता येत नाही. म्हणून उलटतपासणीत मी अगदी सहज विचारायचो, "मोह वेचायला जाता का?" मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडायला लागली की जंगलातल्या गावात घरी कोण थांबतं? समोरचा हसून हो म्हणायचा, आणि तिथंच त्याचे दिवस कमी पडायचे. मला त्या प्रश्नाचा भारी अभिमान होता. आता लाज वाटते.

सरकारी काम सोडलं आणि काही वर्षांनी एटापल्लीकडची एक गोंड बाई माझ्याकडे आली. चौदा वर्षं वनखात्याच्या रोपवाटिकेत तिनं पिशव्या भरल्या, रोपांना पाणी दिलं. नव्या साहेबानं एक दिवस सांगितलं, उद्यापासून येऊ नको. नवरा वारलेला, दोन पोरी शाळेत. "मले काम वापस पाह्यजे, भाऊ," एवढंच तिचं म्हणणं.

हजेरीपटावर तिचे दिवस भरत होते, पण काठावर. मोहाचे दिवस वगळले की संपलं. समोरचा वकील माझाच प्रश्न विचारणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिला तीनदा पढवलं, "मोहाचं विचारलं तर म्हणायचं, काम आटोपल्यावर जाते. एक शब्द जास्त नाही." तिन्ही वेळा तिनं मान हलवली.

साक्षीच्या दिवशी प्रश्न आलाच.

"जातो ना," बाई म्हणाली. "मोह पडते तवा महिनाभर मी कामावर नाई येत. माही जाऊ येते माह्या जागी."

मी कपाळावर हात मारला. बाहेर आल्यावर तिच्यावर असा ओरडलो, की व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. "अहो बाई, स्वतःच्या हातानं केस बुडवली तुम्ही! पोरींचं काय करणार आता?"

ती शांतपणे म्हणाली, "तुमी रागावून काऊन राह्यले? रोपं तर एकबी दिवस तहानली नाई. घरचं कोनीतरी गेलं होतं ना."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिच्या गावात काम एका माणसाचं नसतंच, घराचं असतं. एकजण मोहाला गेला तर दुसऱ्यानं जायचं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हेच तिला कळत नव्हतं. आणि मी इतकी वर्षं त्या भोळ्या उत्तरावर केसेस जिंकत होतो!

पुढच्या तारखेला सरकारतर्फे रोपवाटिकेचा वनपाल साक्षीला आला. निवृत्तीला वर्षभर उरलेला. हजेरीपट त्यानंच भरलेला होता. मी घाबरतच विचारलं, "मोहाच्या दिवसांत बाई येत नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं?"

तो नाही म्हणाला असता, तर सुखरूप सुटला असता. पण तो म्हणाला,

"होतं. तिची जाऊ यायची. मीच सांगितलं होतं, मोहाला जा, पण घरचं कोणीतरी पाठव. हजेरी मीच लावली."

सरकारी वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी झटकन खाली बसलो, कारण डोळे भरून आले होते आणि तसं कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. नंतर वनपालाला गाठून म्हणालो, "हे तुमच्यावर शेकणार, भाऊ."

"शेकू द्या," तो म्हणाला. "पोटावर पाय येऊन राह्यला तरी बाई खरं बोलली. मग मी काऊन लपवू?"

त्याच्याकडे वरून खुलासा मागितला गेलाच. तो मी लिहून दिला. शेवटी ताकीद देऊन त्याला सोडलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

परवानगीनं राहिलेली गैरहजेरी म्हणजे सेवेतला खंड नव्हे, असं म्हणून न्यायाधीशांनी बाईला कामावर परत घ्यायचा आदेश दिला. निकाल ऐकायला ती जावेला घेऊन आली होती. मी आनंदानं सांगितलं, "जिंकलो, बाई! सोमवारपासून कामावर." ती हसली, मग जावेकडे बघून तिनं विचारलं, "हिनंबी पानी देलं ना, भाऊ. हिचं काय?"

कायद्यात जावेसाठी काही नव्हतं आणि खोटं बोलायची हिंमत आता माझ्यात उरली नव्हती. मी बाकावर बसून निकालाची पानं चाळली. एका परिच्छेदात न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की अर्जदार नसताना तिच्या जावेनं रोपांना नियमित पाणी दिलं आणि एकही रोप वाळलं नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

जाऊ पदर सावरत पुढं आली.

"साहेबानं लिवलं? माह्याबद्दल?"

"हो," मी म्हणालो.

"आनखी एकडाव वाचा ना."

मी उभा राहून वाचलं.