माळ परत करणाऱ्या सासूबाई

सासूबाई गणपतीचे डोळे आखायला बसल्या की आमच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात कुणी शिंकायचंही नाही. ब्रश उचलण्याआधी त्या हात जोडून मूर्तीपुढे डोळे मिटून बसत. मी नवी होते. वाटलं, म्हातारीला डुलकी लागली, आणि हसले.

"झोपले नाय गो," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "त्याला इचारते, कसा बघशील?"

कासू गावच्या वाल पिकवणाऱ्या घरातली ही बाई, शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. पण पेणचे व्यापारी त्यांच्याच हातची मूर्ती मागत. घरात आम्ही सगळ्यांनी एका महाराजांची माळ घातली होती, सर्वांत आधी सासूबाईंनी. नाम घ्यायला महाराजांनीच शिकवलं, हे त्या येईल त्याला सांगत.

एका वर्षी महाराजांचे शिष्य मोठी ऑर्डर घेऊन आले, सोबत महाराजांचा फोटो. गणपतीला डोळे महाराजांचेच हवेत, म्हणाले. अख्ख्या हंगामाचं काम! मी पेढे आणायला निघालेसुद्धा. सासूबाईंनी फोटो पदराने पुसला आणि परत दिला.

"डोळे आखताना मी देवाकडं बघते. माणसाकडं बघून नाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः आले. "गुरूचा शब्द मोडतेस? मग तुला देवापर्यंत नेणार कोण?"

पंचवीस वर्षं गळ्यात असलेली माळ सासूबाईंनी उतरवून महाराजांपुढे ठेवली.

"माळ तुमची, परत घ्या. नाम देवाचं हाय, ते मी ठेवते. फुडं तोच नेईल."

ऑर्डर गेली. शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. मीही आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मग एका सकाळी कारखान्यात गेले तर त्या मूर्तीपुढे बसून रडत होत्या. "माळ नाय म्हणून रुसशील का रे?" असं त्यालाच विचारत होत्या. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी ब्रश उचलला. इतके मायाळू डोळे त्यांनीही कधी आखले नव्हते. अशा बाईची मी सून, या अभिमानाने माझा ऊर भरून आला. गळ्यातली माळ काढून मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आजपासून तुम्हीच माझ्या गुरू."

त्यांनी मला दंडाला धरून उठवलं.

"एकाला सोडलंस नि दुसरीला धरतेस व्हय? त्याच्याकडं बघ."

आणि मला मूर्तीपुढे बसवून त्या चहा टाकायला निघून गेल्या.