बैठ्या गटातले काका

विद्यापीठाच्या क्रीडा संशोधन केंद्राचे प्रशासक काका जन्मात कधी खेळाच्या वाटेला गेले नव्हते. लहानपणी लपाछपीत एकदा असे लपले, की खेळ संपल्यावरही बाहेर आले नाहीत. त्यानंतर क्रीडाक्षेत्राशी संबंध आला तो थेट नोकरीत.

यंदा केंद्राने मोठा अभ्यास हाती घेतला होता: पळणाऱ्यांचं हृदय आणि बसून राहणाऱ्यांचं हृदय. पळणारे मैदानावर सापडले. बसणारेही मिळाले, पण ऐन वेळी त्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात पोहण्याचा क्लास लावला आणि गटात माणूस कमी पडला. गट पुरा झाला नाही तर केंद्राला कुलूप, असं वरून बजावलं होतं. संचालकांची नजर फिरत फिरत काकांच्या पोटावर स्थिरावली.

"काका, तुमच्याइतका अस्सल नमुना कुठे मिळणार?"

"सर, इतक्या वर्षांत माझ्या गुणांची कदर झाली!"

कमरेला पावलं मोजायचं यंत्र बांधून काका घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "तू मागे लावलेलं सकाळचं फिरणं उद्यापासून बंद. विज्ञानासाठी."

"विज्ञानाचं नशीबच फुटकं," ती म्हणाली.

आठवड्याने यंत्र तपासलं तेव्हा संशोधक मुलगी हबकली. काका फुटबॉलच्या गोलरक्षकापेक्षा जास्त चालले होते! प्रयोगशाळा उघडायची काकांनी, बंद पडलेल्या ट्रेडमिलसाठी मेकॅनिकला गाठायचं काकांनी, पाहुण्यांना फाटकावरून आणायचं काकांनी आणि संचालकांचा चष्मा शोधायचा तोही काकांनीच.

"नियमात एकदा फेरमोजणीची सोय आहे," संचालक म्हणाले. "आता आठवडाभर खुर्चीतून हलायचं नाही."

काका बसले आणि केंद्राची दैना सुरू झाली. शेवटच्या दिवशी तर धावपटू चाचणीसाठी दाराशी ताटकळले, दाराचं कुलूप कुणालाच दाद देईना, आणि त्यातच कुणी विचारेना म्हणून मेकॅनिक रुसून निघाला.

"काका, उठा!" संचालक ओरडले. काका उठू लागले. "नको, नको, बसा!"

"सर, एक काय ते ठरवा. ही उठाबशी यंत्रात मोजली जाते."

शेवटी दुखापतीच्या खोलीतली चाकांची खुर्ची आली. बाकी सगळे प्रयोगात गुंतलेले, तेव्हा ढकलणार कोण? संचालक. कुलपापाशी, मेकॅनिकपाशी, फाटकापाशी, पुन्हा कुलपापाशी. काका बसल्या बसल्या हाताने दिशा दाखवत होते.

नेमकी तेव्हाच बायको विसरलेला डबा घेऊन आली.

"अगंबाई! ह्यांना काय झालं?"

"काही नाही गं. कामात आहे."

तिने घामाने निथळणाऱ्या संचालकांकडे पाहिलं. "अहो, उतरा की खाली. त्यांना बसू द्या जरा."

"उतरता येत नाही. नियम आहे."

संध्याकाळी यंत्र पाहून संशोधक मुलीने टाळ्या वाजवल्या. काका निर्विवाद आळशी ठरले. केंद्र वाचलं.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी रजा टाकली. त्यांच्या पोटऱ्या आखडल्या होत्या. अहवालावर त्यांची सही तर हवी होती. ती आणायला काका त्यांच्या घरी गेले. चालत.