अर्ध्यावरचं बोलणं

शरयूताई पेडणेकर रात्री घराला आतून कडी लावत नसत. दुबईत अल कुसैसमध्ये आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, त्या तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. दार नुसतं ओढून घ्यायच्या. बिल्डिंगचा मल्याळी वॉचमन त्यांना आपल्या हिंदीत रागवायचा. माझे मिस्टर आठवडाभर अबुधाबीकडे मुसफ्फाच्या फॅब्रिकेशन यार्डात असत आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी येत, त्यामुळे मी स्वतः कडी लावून वर साखळी अडकवणारी. तोच शहाणपणा मी एकदा त्यांनाही शिकवायला गेले. शरयूताई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "अगं, ह्यांच्याकडे किल्ली आहे. आतून कडी लावली तर किल्लीचा उपयोग काय?"

हे म्हणजे पेडणेकर. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, मिस्टर काय करतात, तर "बोटीवर असतात" असं उत्तर मिळालं. वेंगुर्ल्याच्या बाईचा नवरा बोटीवर असण्यात नवल ते काय, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंकडून कळलं, की ती बोट केव्हाच परत आली होती. पेडणेकर आले नव्हते.

नव्वदीच्या सुरुवातीची ती गोष्ट. पेडणेकर बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. मालवाहू बोट नव्हे. उत्तर ध्रुवाच्या अलीकडे, नॉर्वेच्याही वर जी बेटं आहेत, तिथे हौशी प्रवाशांना बर्फ आणि अस्वलं दाखवायला नेणारी बोट. एका दुपारी ड्यूटी नव्हती म्हणून तेही प्रवाशांबरोबर रबरी होडीत बसले आणि बर्फाचा कडा जवळून बघायला गेले. कड्याचा मोठा तुकडा पाण्यात कोसळला, लाट उठली आणि होडी उलटली. बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. पेडणेकर सापडले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. कंपनीने त्यांची बॅग दुबईला पाठवून दिली. शरयूताईंनी ती उघडली, आतले कपडे धुतले, इस्त्री केले आणि कपाटात लावून ठेवले. आल्यावर लागतील म्हणाल्या.

एवढं सोडलं तर बाई शंभर टक्के व्यवहारी होत्या. दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत आम्ही दोघी कामाला होतो. आमचा लेबनीज साहेब कुठल्याही अडचणीवर हात झटकून "खलास, हबीबी" म्हणायचा. फ्लाइट भरली, खलास. व्हिसा अडकला, खलास. शरयूताईंना तो शब्द सहन व्हायचा नाही. "खलास कुणी म्हटलं? मी म्हटलं का?" असं म्हणून फोन उचलायच्या आणि तासाभरात कुठून तरी एक सीट काढायच्या. जबल अलीच्या गोदामातली कोकणातली मुलं, आईबाप आजारी असल्याची तार आली की तडक त्यांच्याच टेबलाशी येऊन उभी राहायची. फक्त उन्हाळ्यात बर्फाच्या सफरी विचारायला गिऱ्हाईक आलं, की त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या आणि स्वतः पाणी प्यायला उठायच्या.

एका संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू होतं. कुंकू लावत येणारी बाई शरयूताईंपाशी आली आणि तिचा हात अडला. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि नवऱ्याचं काय झालं ते तर सगळ्या दुबईला माहीत होतं. बाई पुढच्या खुर्चीकडे वळणार, एवढ्यात शरयूताईंनी तिचं मनगट धरलं आणि कपाळ पुढे केलं. "लाव," म्हणाल्या, "माणूस बोटीवर आहे माझा." तिने लावलं. मग बायका तिळगूळ घेऊन त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवरून उठून गेल्या. त्या बायकांचा मला आजही राग येतो. पण खरं सांगायचं तर अंगावर काटा माझ्याही आला होता.

आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि त्याची क्रियाकर्मं करतात. पेडणेकरांची बारा वर्षं भरत आली, तसे वेंगुर्ल्याहून सासूबाईंचे निरोप सुरू झाले. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. आपले डोळे मिटायच्या आत मुलाला वाटेला लावा, एवढंच तिचं मागणं होतं. शरयूताईंचा मुलगा निखिल पुण्यात इंजिनिअरिंगला होता. दुबईत वाढलेला, आई मराठीत बोलली की हा इंग्रजीत उत्तर द्यायचा. "ममी, आजी इज सफरिंग. जस्ट से येस," असं तो दर शुक्रवारी फोनवर सांगायचा, आणि दर शुक्रवारी शरयूताई विषय बदलायच्या.

त्या होकार का देत नव्हत्या, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अपघाताच्या आधी पेडणेकरांचा बोटीवरून फोन आला होता. फोनमध्ये खरखर फार होती. निखिलच्या शाळेचं बोलणं झालं, सासूबाईंच्या औषधाचं झालं. फोन ठेवता ठेवता पेडणेकर म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं. असू दे, नंतर सांगतो."

"बोलणं अर्ध्यावर असलेल्या माणसाचं श्राद्ध घालू मी?" शरयूताई म्हणाल्या. "आधी ते काय ते सांगू देत, मग बघू."



दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका क्रूझ कंपनीने आमच्या एजन्सीला दोन जागा फुकट देऊ केल्या. सफर स्वतः पाहून या म्हणजे गिऱ्हाइकांना नीट विकाल, असा हिशेब. बेटं तीच. साहेब म्हणाला, यल्ला, चला, कोण जातंय? मी शरयूताईंकडे बघायचं टाळलं, तर त्यांनीच हात वर केला; दुसरी जागा मी घेतली. नंतर मला म्हणाल्या की सासूबाईंच्या गुरुजींनी तिथला एखादा दगड मागवला आहे. देह नाही तर निदान त्या जागेचा दगड क्रियेला हवा. "आणते म्हणून सांगितलंय," म्हणाल्या. "क्रिया करू देईन असं नाही सांगितलं."

दुबईच्या जुलैतून निघून आम्ही अशा मुलखात उतरलो, जिथे सूर्य मावळतच नव्हता. मी मिस्टरांचे दोन स्वेटर एकावर एक चढवले होते. बोट लहान, प्रवासी बहुतेक म्हातारे गोरे. पहिल्या रात्री मी केबिनला कडी लावली आणि जाग आली तेव्हा ती काढलेली होती. मीही मग ती पुन्हा लावली नाही.

त्या दिवसांत आम्ही काय काय बघितलं. सरळ उभ्या कड्यावर हजारो पक्षी कलकलाट करत बसलेले आणि खाली सुक्या मासळीच्या बाजारासारखा वास. किनाऱ्यावर वॉलरस पसरलेले, लग्नघरी जेवून आडव्या झालेल्या व्याह्यांसारखे एकमेकांच्या अंगावर. होडीतून उतरलं की आमची गाइड इंग्रिड खांद्याला रायफल अडकवून पुढे चालायची, कारण अस्वल कुठून येईल सांगता येत नाही. शरयूताई प्राण्यांकडे बघतच नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत राहायच्या. बाकीच्यांना वाटलं, बाईंना बोट लागली आहे. एक म्हातारा ब्रिटिश रोज त्यांना आल्याची बिस्किटं आणून द्यायचा.

कॅप्टनला त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. बर्फाने वाट दिली तर अपघात झाला त्या फियोर्डमध्ये नेईन, असं तो म्हणाला होता, आणि बर्फाने वाट दिली. दोन्हीकडे काळे डोंगर आणि मधून आत घुसलेलं पाणी. "खाडीच की गं ही," शरयूताई म्हणाल्या. आवाज इतका कमी होता, की कुठे बर्फ तडकला तर आपल्याच कानामागे तडकल्यासारखं वाटायचं. होडीतून बरंच आत गेल्यावर इंग्रिडने इंजिन बंद केलं. ती म्हणाली, त्या वेळी बर्फाचा कडा पार इथपर्यंत होता. आता तो मागे हटलाय. तिने हात केला तिकडे, दूरवर, एक निळसर भिंत दिसत होती.

"म्हणजे ती जागाच राहिली नाही?" शरयूताईंनी विचारलं. इंग्रिडने नाही अशी मान हलवली. बारा वर्षं ज्या जागेचा ध्यास घेतला, तिथे नुसतं पाणी होतं.

मग किनाऱ्यावर उतरलो. शरयूताई खाली वाकल्या आणि त्यांनी एक काळा गोटा उचलला. इंग्रिडने ते पाहिलं. इथून काही न्यायचं नाही, दगड नाही, हाड नाही, पीसही नाही, हा तिथला नियम. तिने तो हळू आवाजात सांगितला. शरयूताईंनी गोटा जिथून उचलला होता तिथेच, ओली बाजू खाली करून ठेवला. माझं डोकं फिरलं. मी माझ्या इंग्रजीत इंग्रिडला बरंच सुनावलं, की या बाईचा नवरा तुमच्या समुद्राने ठेवून घेतला आणि तुम्ही तिला एक दगड देत नाही. शरयूताईंनीच मला गप्प केलं. "दुसऱ्याच्या दारातलं विचारल्याशिवाय उचलू नये. बरोबर आहे तिचं." पण त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

परतताना इंग्रिडने मधेच होडी थांबवली. वाकून पाण्यात तरंगणारा बर्फाचा एक तुकडा दोन्ही हातांनी उचलला, नारळाएवढा, काचेसारखा स्वच्छ, आणि शरयूताईंच्या मांडीवर ठेवला. बर्फ चालतो, म्हणाली. तसा तो चालत होताच. बोटीच्या बारमध्ये रोज तोच बर्फ दारूत घालत होते.

केबिनमध्ये येऊन शरयूताईंनी लाडवांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि बर्फ त्यात ठेवला. थोड्या वेळाने तो वाजू लागला. टक, टक, मग बारीक चुरचुर. इंग्रिडने आम्हाला आधी सांगितलं होतं, की या बर्फात हजारो वर्षांची हवा कोंडलेली असते, वितळताना ती आवाज करत सुटते. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. तरी शरयूताईंनी डबा मांडीवर घेतला, कान खाली नेला आणि माझ्यासमोर कधी न बोललेल्या मालवणीत म्हणाल्या, "सांगा, काय सांगूचा होता ता."

मी उठून जाणार होते, त्यांनी हातानेच बस म्हटलं. एवढ्यात स्पीकरवर घोषणा झाली, डाव्या बाजूला अस्वल आणि दोन पिल्लं. सगळी बोट वर पळाली. डोक्यावर पावलांचा धडधडाट, मग कॅमेरे, मग कुजबुज. आम्ही दोघी खाली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या छोट्याशा खोलीत तेव्हा आम्ही दोघीच होतो, असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बर्फ बोलत होता आणि शरयूताई मधूनच हुंकार देत होत्या, फोनवर देतात तसा.

बर्फ लहान होत गेला. आवाजांमधलं अंतर वाढलं. शेवटी डब्यात पाणीच राहिलं. त्यानंतरही त्या बराच वेळ तशाच वाकून होत्या. मग सरळ बसल्या, डब्याला झाकण लावलं आणि म्हणाल्या, "खलास."

"काय म्हणाले?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"ते माझ्यापाशी राहू दे," त्या म्हणाल्या.

ऑस्लोच्या विमानतळावरून त्यांनी निखिलला फोन केला आणि गुरुजींना दिवस विचारायला सांगितलं. ते पाणी बाटलीतून शरयूताईंबरोबर वेंगुर्ल्याला गेलं. तिथल्याच किनाऱ्यावरचा एक दगड गुरुजींनी त्या पाण्यात भिजवून घेतला, आणि निखिलने वडिलांचं सगळं केलं. म्हातारीला खाटेसकट अंगणात आणलं होतं. पुढच्या शिमग्याच्या आत ती गेली. शरयूताई दुबईला परत आल्या त्या मोकळ्या कपाळाने. साहेबाने एकदा पाहिलं आणि त्या दिवशी तो एकदाही खलास म्हणाला नाही.

दोन वर्षांनी निखिलला नोकरी लागली आणि शरयूताईंनी दुबई सोडली. विमानतळावर पोचवायला मी गेले होते. आत जायच्या आधी त्यांनी आपणहून विषय काढला.

"त्या दिवशी मला काहीही ऐकू आलं नाही गो. बर्फ तो, वितळला."

"मग क्रियेला होकार का दिलात?"

"एवढा वेळ कान देऊन बसले, तेव्हा कुठे डोक्यात आलं. फार मोठं काही सांगायचं असतं तर त्यांनी फोन ठेवलाच नसता. साधंच असणार काही तरी. मीच ते बारा वर्षं मोठं करत बसले." त्यांनी बॅग उचलली. "पण साधं होतं ना, ते तरी ऐकायला हवं होतं."

नंतर त्यांची माझी भेट झाली नाही. त्या गेल्याचं निखिलकडून कळलं; त्याने ते मराठीत सांगितलं.

माझे मिस्टर अजून मुसफ्फालाच आहेत. फोन ठेवताना कधी कधी ते म्हणतात, "आणखी एक होतं, जाऊ दे, घरी आल्यावर सांगतो." मी फोन ठेवू देत नाही. आत्ता सांगा म्हणते. मागे यार्डातली मशिनं ओरडत असतात, कुणीतरी त्यांना हाका मारत असतं, ते वैतागतात. म्हणतात, अगं काही नाही, येताना मेथी आणू का, एवढंच विचारणार होतो.

आणा, म्हणते मी. आणि मग फोन ठेवते.