वर जाण्यास सक्त मनाई

सरांच्या अंगणात कडुलिंबाखाली चार बाजा टाकल्या होत्या. भूकंप होऊन पाच दिवस झाले होते. लातुरात कोणी घरात झोपत नव्हतं. दिवसातून दोन-तीनदा जमीन हलायची, भांडी वाजायची आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. सरांच्या घराला वरच्या खोलीपासून जिन्यापर्यंत तडा गेला होता. बोट जाईल एवढा. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, देव बाहेर आणायचे होते. पाच दिवस पूजा झाली नव्हती. सर म्हणाले, मी काही आत जात नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, मी पण नाही. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "तू जा गं. तुझं अंग हलकं आहे, पटकन येशील."

मी आठवीत होते. चार-पाच महिने त्या घरात वरकामाला जात होते. झाडणं, पाणी भरणं, दळण आणणं, सांगतील ते. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. येऊ नको असं कोणी म्हणालं नव्हतं. मी उंबऱ्याशी आले की काकू पुढे येऊन सामान घ्यायच्या, एवढंच. देवघर त्याच्याही आत. त्या दिवशी मी दोन्ही उंबरे ओलांडले. आत अंधार होता. पायाखाली चुना आणि माती. मी फ्रॉकच्या घोळात देव गोळा केले. आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. कोणता देव कसा धरायचा हेही मला ठाऊक नव्हतं. निघताना वरून माती पडली. मी पळत बाहेर आले.

काकूंनी देव माझ्याकडून हातात घेतले नाहीत. परात पुढे सरकवली. ठेव म्हणाल्या. मग एकेक देव घासून धुतला. माझ्यासमोर. मला वाटलं, माती लागली म्हणून धुतात. मग त्यांनी गोमूत्र शिंपडलं. मातीला गोमूत्र लागत नाही, हे मला कळत होतं. तरी मी संध्याकाळी मायला आनंदाने सांगितलं की आज मला देवघरात पाठवलं. माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

हे आधी लिहिते, कारण मला उशिरा कळतं. काय झालं ते मी पाहते, आणि त्याचं नाव मला पुष्कळ दिवसांनी सापडतं.

सर घरीच दहावीचे क्लास घ्यायचे. माय त्यांच्याकडे भांडी घासायची. दादा, म्हणजे माझे वडील, गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. मी सातवीत पहिली आले तेव्हा माय मला सरांना दाखवायला घेऊन गेली. सरांनी माझी वही पाहिली. किती सुंदर अक्षर, म्हणाले. शाळा सुटल्यावर येत जाऊ दे हिला, घरात हातभार लागेल. मायने पगाराचं विचारलं. भीत भीतच विचारलं. सर हसले.

"पगार कसला? आता घरातलीच पोर झाली. दहावीला माझ्याच क्लासला बसेल."

दादांनी हात जोडले. आमच्या वस्तीत तोपर्यंत कोणाचं पोर क्लासला गेलं नव्हतं. मलाही ते फार मोठं वाटलं. अजूनही, खरं सांगते, ते शब्द आठवले की आधी आनंद होतो, मग राग येतो.

भूकंपानंतर सरांनी अंगणात पत्र्याचं शेड टाकलं. पत्र्याखाली कोणाला भीती वाटत नव्हती. मुलं वाढत गेली. उदगीरची, देगलूरची, मुरुडची, पार नांदेडहून आलेली. लातूरला पोर ठेवलं की डॉक्टर होतं, असं बाहेर लोक बोलू लागले होते. गल्लीत खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. शेडच्या दारात चाळीस-पन्नास सायकली लागायच्या. मी फळा पुसायचे, चपला ओळीत लावायचे, आणि दारापाशी पोत्यावर बसून ऐकायचे. सर शिकवायचे फार छान. मला ते लपवायचं नाही. गणितातली भीती त्यांनीच घालवली.

दर रविवारी चाचणी असायची. चाचणीचा पेपर स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहावा लागतो, मग यंत्राच्या रुळावर शाई लावून प्रती निघतात. सरांनी ते काम मला दिलं. माझ्या अक्षरातला पेपर त्या सगळ्या मुलांच्या हातात जायचा. मी स्वतः त्या चाचणीला बसायचे नाही. पेपर मला आधीच माहीत असायचा ना. सर म्हणायचे, हिच्यावर माझा विश्वास आहे, ही कोणाला एक प्रश्न सांगणार नाही. मी कधी सांगितला नाही.

वरची ती खोली तशीच होती. तडा वाढला होता. मी नववीत असताना सरांनी दादांना बोलावून भिंत दाखवली. दादांनी हाताने थापटून पाहिली, कान लावला, आणि म्हणाले, "सर, ही भित उभी दिसत हाय, पर उभी न्हाई. पाडून घ्या." सर म्हणाले, परीक्षा होऊ द्या, मुलांच्या अभ्यासात धूळ नको. पण लेकरं दुसऱ्यांची होती, म्हणून त्यांनी जिन्यावर पाटी लावली. पाटी मीच लिहिली. 'वर जाण्यास सक्त मनाई.' पांढऱ्या रंगाने, ब्रशने, दोनदा गिरवून. सर म्हणाले, वा.

ती पाटी लावल्यावर क्लासचं एकही पोर वर गेलं नाही. मी जायचे. जुनी बाकं वर होती, रद्दी वर होती, उन्हाळ्यात पाण्याचे जादा माठ वर होते. पाटी माझ्यासाठी आहे असं मला वाटलंच नाही. मी घरातली होते.

दहावीचं वर्ष. सहामाही झाली होती. त्या रविवारी चाचणीला मुलं जास्त आली, बसायला जागा पुरेना. दुपारचे बारा वाजले असतील. मी पेपर वाटत होते. सर शेडच्या दारातून म्हणाले, "वरून दोन बाकं ओढून आण. पटकन."

मी पेपर दुसऱ्या मुलीच्या हातात दिले आणि गेले. पहिलं बाक दारापर्यंत आणलं. दुसरं भिंतीला टेकलेलं होतं. ओढलं. भिंत आवाज न करता आली. आवाज नंतर झाला.

डावा हात बाकाखाली होता. दोन बोटं आजही वळत नाहीत.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली भिंत, कुठे, कोणाची. पोलिसांना कळवावं लागेल म्हणाले. दादा नुसते उभे होते. संध्याकाळी सर आले. डाळिंबं घेऊन आले. माझ्या खाटेवर बसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं. हात दुखत होता म्हणून नाही.

मग त्यांनी पिशवीतून फुलस्केप कागद काढला. समजावून सांगितलं. जमादार येईल, विचारेल. कोणाकडे कामाला होती, वय काय, कोणी पाठवलं. असं काही निघालं तर क्लासला कुलूप लागेल. एवढी मुलं परीक्षेच्या तोंडावर उघड्यावर पडतील. आणि तुझी दहावी? सर म्हणाले, "तू कामाला थोडीच होतीस? विद्यार्थिनी होतीस. तेवढंच लिहायचं. खरं तेच."

मी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "सर म्हनत्यात तसं लिही, माय. सर आपलं वाईट न्हाई करायचे."

डावा हात प्लॅस्टरमध्ये, उजवा शाबूत. पुठ्ठ्यावर कागद ठेवून मी लिहिलं. सरांनी सांगितलं, मी लिहिलं. 'मी क्लासची विद्यार्थिनी असून, वर जाण्यास मनाई असल्याची पाटी वाचलेली असताना, कोणीही न सांगता स्वतःच्या मर्जीने वर गेले. यात सरांचा कोणताही दोष नाही.' मी थांबले नाही. श्रुतलेखनासारखं लिहून काढलं. मी अजून लहान, म्हणून खाली पालक म्हणून दादांनीही सही केली. त्यांना तेवढी तीन अक्षरं येतात. मग ठाण्यातून जमादार आला. त्याने कागद वाचला आणि दादांना म्हणाला, अक्षर बघा पोरीचं, जसं काय छापलंय. दादा हसले. मीही.

मला तेव्हा वाटलं, मी सरांना वाचवलं. घरातल्या माणसाला वाचवतात तसं.

तीन आठवड्यांनी क्लासला गेले. प्लॅस्टर गळ्यात अडकवलेलं. त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. भिंतीची बातमी गावोगाव गेली होती आणि पालक घाबरले होते. मी दारापाशी माझ्या जागी बसले. उदगीरकडचे एक पालक उठले आणि विचारलं, मनाईची पाटी होती तर ही पोरगी वर कशाला गेली होती? सरांनी खिशातून कागद काढला. माझा. सगळा वाचून दाखवला. पोरीने स्वतः लिहून दिलंय, म्हणाले.

मागून कोणीतरी बोललं, "चाचणीचे पेपर वरच ठेवता काय सर?"

लोक हसले. मग हसणं थांबलं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी सरांकडे पाहिलं. पेपर मीच लिहायचे. मला चोरायचा कशाला? हे तिथे जमलेल्यांत दोघांनाच पक्कं माहीत होतं, मला आणि सरांना. सरांनी एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य. मी वाट पाहत होते. खात्रीने वाट पाहत होते, तेच सांगायची मला आज लाज वाटते.

सरांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "जाऊ द्या. लहान आहे. मी तिला माफ केलंय."

पालक मान हलवू लागले. सरांचं मन किती मोठं, असं कोणी म्हणालंसुद्धा. मी उठले आणि चपला घालून निघून आले. चपला ओळीतच होत्या. माझ्याऐवजी कोणीतरी लावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मायला सांगितलं, आता येऊ नकोस. वस्तीत बायका मायला विचारू लागल्या. पोरीनं पेपर चोरला म्हणे? माय नळावर जायची थांबली. दादा माझ्याशी बोलेनात. त्यांनी सही केली होती. ते स्वतःशीच बोलेनात, असं मला आता वाटतं.

आठ दिवसांनी निरोप आला. सरांनी दादांना आणि मला बोलावलं. शेड रिकामं होतं. सर नेहमीसारखं प्रेमाने बोलले. पालकांचं समाधान करायला हवं, म्हणाले. दोन ओळींचा माफीनामा दे. पेपर बघायला गेले होते, चूक झाली, एवढंच. फलकावर लावू आणि विषय संपवू. मग उद्यापासून क्लासला ये, परीक्षेला तीन महिने आहेत. कागद समोर. पेन समोर.

मी पेन घेतलं. पहिली ओळ लिहायला हात गेला होता, हे खोटं बोलणार नाही. तीन महिने म्हणजे फार होते. गणिताचा अर्धा भाग राहिला होता. प्लॅस्टर निघालं होतं, पण वाकडी झालेली दोन बोटं कागद धरायला नीट वळेनात. कागद सरकत होता. मी मनगटाने दाबला आणि लिहिलं, 'दोन बाकं आणायला मला सरांनी वर पाठवलं.' कागद त्यांच्याकडे सरकवला.

सरांनी वाचलं. रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं असावं. म्हणाले, "मी तुला घडवलं."

मी म्हणाले, "हो सर. आणि वर पाठवलंत तेही तुम्हीच."

एवढं मोठं मी कोणाशी कधी बोलले नव्हते. दादा माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं आता मारतील. ते म्हणाले, "चल."

आम्ही घरी गेलो नाही. ठाण्यात गेलो. जमादार तोच. मी लिहिलेला कागद दिला. तो म्हणाला, आधीचा जबाब तुझ्याच हातचा, बापाची सही. आता पलटून राहिली का? कोणी शिकवलं? तेव्हा दादा पुढे झाले. ठाण्यात दादांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"भित पडणार म्हून मी सरांला वर्सभर आधी सांगितलं हुतं. मी गवंड्याच्या हाताखालचा मानूस हाय. मला भित कळती."

जमादाराने कागद घेतला. पाहू म्हणाला. पोच दिली नाही. पुढे काही झालं नाही. भिंत पाडली, तिथे दोन मजले चढले, क्लास वाढला. मी शाळेतल्या पुस्तकांवर दहावी दिली. गणितात मार्क चांगले पडले. आज नांदेडला कॉलेजात आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली. वसतिगृहातली मैत्रीण म्हणते, मार्क पडले ते त्यांच्याच शिकवण्याने, मग सोड ना आता. ती वाईट नाही. तिला वाटतं, एकातून दुसरं वजा करता येतं. मी खूप प्रयत्न केला. वजा होत नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा अर्ज दिला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. जमादार बदलले. प्रत्येकाने आधीचा जबाब दाखवला आणि पालकाची सही आण म्हणून सांगितलं. दादा प्रत्येक वेळी रोजंदारी बुडवून आले.

माझी अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत. यंदाचा अर्ज चौथा. तो पहिल्या अर्जापेक्षा लांब आहे. त्यात देवघर आहे, स्टेन्सिल आहे, पाटी आहे, दादांनी कान लावलेली भिंत आहे, डाळिंबं आहेत. कामाला होते असं स्वच्छ लिहिलंय. वय लिहिलंय. कोणी पाठवलं ते लिहिलंय. आधीचा जबाब मीच लिहिला, का लिहिला, तेही लिहिलंय. या वेळी पोच घेतल्याशिवाय मी ठाण्याच्या बाकावरून उठणार नाही. दादांना कामावर जा म्हणून सांगितलं आहे. सही माझी एकटीची आहे.