नेमसिंगच्या फोनवरचं तिसरं चित्र

रंजिता आडे माझ्या माडीवरच्या खोलीत राहायला आली, तेव्हा मी तिला दोनच गोष्टी बजावल्या. टाकीतलं पाणी जपून वापरायचं आणि कूलर चालू ठेवून बाहेर जायचं नाही. कॉम्प्युटरबद्दल काही बोलले नाही. पोरगी दिवसभर तहसीलसमोरच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते; घरी येऊन परत त्याच डबड्यापुढे बसेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण ती बसायची. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, वरण बुडाला लागायचं, वास खालपर्यंत यायचा, तरी बाई हलायची नाही.

"अगं, करतेस तरी काय एवढं?" मी एकदा जिन्यातूनच ओरडले.

"ब्राउझर बनवून राह्यली, काकू."

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवरची पानं उघडतो ते ॲप, एवढं मला पंचायत समितीतल्या नोकरीमुळे माहीत होतं. हे कुणा एका मालकाचं नाही म्हणे. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते दुरुस्त करतात, त्यात नवं काही घालतात, एकमेकांचं काम तपासतात, आणि सगळा कारभार उघड्यावर. मी पगार विचारला. "नाही भेटत," म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. घाटंजीत बसून साता समुद्रापलीकडच्या लोकांची फुकट चाकरी! मी तसं तोंडावर बोलले. ती नुसती हसली. तिचं ते हसणं मला फार चिडवायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तिचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, इथून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या आत. फुलचंद नाईकाचा तांडा म्हणतात त्याला. वडील लहानपणीच गेले. थोरल्या भावानं, नेमसिंगनं, ऊसतोडीला जाऊन जाऊन हिला शिकवलं. स्वतः तो कधी शाळेत बसलाच नाही. त्याला आकड्यांपलीकडे वाचता येत नाही, पण कापसाचा भाव मात्र रोज पाहायचा असतो, आणि रोज कुणाला तरी "जरा पाहून सांग" म्हणायची त्याला लाज वाटायची. म्हणून हिनं ब्राउझरमध्ये एक नवीन सोय केली. ॲप उघडलं की नेहमी बघितली जाणारी पानं मोठ्या मोठ्या चित्रांत समोर दिसायची. काही टाइप करायला नको, काही वाचायला नको; चित्रावर बोट ठेवलं की पान उघडलं. पहिलं चित्र कापसाच्या भावाचं, दुसरं ढगांचं, म्हणजे हवामानाचं. सगळ्यांसाठी यायच्या आधी नवीन सोय चाचणीच्या ॲपमध्ये येते, आणि ते चाचणीचं ॲप रंजितानं तांड्यातल्या बहुतेक फोनांत घालून ठेवलं होतं. नेमसिंग आल्यागेल्याला दाखवत सुटला.

"आन् चुकून अंगठा लागला, चित्र पुसलं गेलं, तं भिया काय करन?" असं म्हणून तिनं ती चित्रं पुसायची सोयच ठेवली नव्हती. भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. तिचं काम तपासणारा परदेशातला एक माणूस होता, फार सभ्यपणे लिहायचा. त्यानं विचारलं होतं: कुणी आपण बघितलेल्या पानांची हिस्ट्री पुसली, तर ही चित्रं पण जातील ना? रंजितानं उत्तर दिलं की आमच्याकडे फोन एकट्याचा नसतो, घराचा असतो, पाण्याच्या माठासारखा. घरात कुणाचं काही वेगळं नसतं, तेव्हा पुसणार कोण? त्यानं चाचणीपुरतं चालेल म्हणून होकार दिला. तांड्यात वाढलेल्या पोरीला दुसरं सुचलंही नसतं. चार घरांतली माणसं एकमेकांच्या ताटात जेवतात तिथे.

त्या रविवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. रंजिताचा फोन वाजला. ती गॅलरीत येऊन बोलत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. वर्षा होती, नेमसिंगची मुलगी. सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. शेजारच्या हंसाबाईच्या फोनवरून बोलत होती.

"आज? आजच येऊन राह्यले?" रंजिताचा आवाज चिरकला. "मले काहून नाही सांगतलं कोनी?"

वर्षाची सोयरीक ठरत होती, आणि बहिणीनं मोडता घालू नये म्हणून नेमसिंगनं हिला कळवलंच नव्हतं. पाहुणे दुपारी येणार होते. दोन्हीकडच्या माणसांनी तांड्याच्या प्रमुखासमोर, म्हणजे नाईकासमोर, गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मग ती मोडायची म्हणजे सगळ्या तांड्यासमोर शब्द मोडायचा. तसं कुणी करत नाही.

पण वर्षानं फोन त्यासाठी केला नव्हता. घरच्या फोनवर तिनं मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचं पान उघडलं होतं. फोन लावायचा धीर होत नव्हता, म्हणून परत परत उघडायची आणि बंद करायची. "हिस्ट्री पुसली मी, फुफी," ती आत्याला सांगत होती, "कॉलेजात पाह्यलं तसं. काई राह्यलं तं नसन ना मागं?"

"नाही. काई नाही राहत," रंजिता म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती तिथेच उभी राहिली. मी खालून बघत होते. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं चक्कर येते की काय. मी धावत वर गेले. तिनं स्वतःच्या फोनवर हिस्ट्री पुसून बघितली. परत बघितली. चित्रं जागच्या जागी.

"काकू, ते जात नाही. मीच तसं बनोलं. आन् फोन भियाच्या खिशात हाये."

मला स्कूटी चालवताना पाहून लोक हसतात, या वयात कशाला म्हणून. हसोत. मी चपलाही धड घातल्या नव्हत्या. वाटेत रंजिता मागे बसून माझ्या पदराची कड इतकी घट्ट धरून होती की खांद्याची पिन निघाली. "पोचलो की फोन मागते, ॲपच काढून टाकते," एवढंच ती म्हणत होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, माणसं वेचत होती. कुणीतरी हाक मारली, आम्ही थांबलो नाही. मला भीती वाटत होती. बापाच्या नकळत मुलीनं घरच्या लग्नाविरुद्ध मदत शोधली, हे भर पाहुण्यांत उघड झालं तर त्या मुलीचं रात्रीपर्यंत काय होईल, हे मला नोकरीत दोन-तीनदा ऐकून माहीत होतं.

नेमसिंगच्या दारातल्या कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. मधोमध फुलचंद नाईक पांढरं पागोटं घालून बसले होते. त्यांच्यापुढे परातीत गूळ, वर कोरं फडकं. पाहुणे पाणी पीत होते. दाराच्या आत वर्षा आजीजवळ, मानीबाईजवळ, बसली होती. आत्याला बघून तिला हायसं वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिला वाटत होतं मागे काही राहिलेलं नाही.

"भिया, फोन दे ना जरा," रंजिता हसल्यासारखं करत म्हणाली. "अपडेट कराचं हाये."

"पाव्हणे बसले आन् तुले अपडेट सुचून राह्यलं?" नेमसिंग खरोखर खुशीत होता. न बोलावता आलेली बहीण भांडली नाही याचंच त्याला बरं वाटलं असावं. "या मॅडम, बसा. पाव्हणे, हे माह्यी बहीन. हिनं काय बनोलं, पाहा." आणि त्यानं खिशातून फोन काढला.

रंजितानं हात पुढे केला. त्यानं तो प्रेमानं बाजूला सारला.

"मले एक अक्षर येत नाही. पन हे पाहा, दाबलं का भाव. हे दाबलं का पानी येनार का नाही. जगातले लोक वापरतीन म्हने हे."

त्यानं फोन नवऱ्या मुलाच्या मामाच्या हातात दिला. बबलू नाव त्याचं, कुठल्याशा शाळेत शिपाई होता. तो कौतुकानं बघायला लागला. पहिलं चित्र दाबलं. मागे आला. दुसरं दाबलं. मागे आला. मग त्याचं बोट थांबलं. तिसऱ्या चित्रात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक मुलगी होती.

"हे काय हाये?" चित्राखालचं त्यानं मोठ्यानं वाचलं. "बालविवाह होत असल्यास तात्काळ संपर्क करा."

पुढचं सगळं त्यांच्या बोलीत झालं, आणि मला ती येत नाही. न कळणाऱ्या भाषेत माणसं चिडली की भीती दुप्पट होते. नाईकांनी काहीतरी विचारलं. बबलू उठून उभा राहिला. नेमसिंगनं फोन हिसकून घेतला, त्या चित्राकडे बघितलं, आणि मग अगदी हळू मान वळवून घराच्या दाराकडे बघितलं. आत वर्षानं आजीचा हात धरला होता. तिच्या तोंडावर रंग म्हणून नव्हता.

"मी पाह्यलं ते," रंजिता म्हणाली. मराठीत म्हणाली, बहुतेक मी साक्षीला असावी म्हणून. "मागच्या रविवारी आलती, तवा मीच उघडलं तुह्या फोनवर. वर्षा सोळाची हाये, भिया. हा गूळ खाल्ला तं मी फोन करीन. तुह्यावर केस करीन, याहिच्यावर करीन, सगळ्याहिवर करीन."

पाहुण्यांना पोलिसांची भानगड नको होती. ते उठले. चपला शोधताना एकमेकांना ढकलत होते. परातीवरचं फडकं कुणी काढलंच नाही. नेमसिंग चालत बहिणीच्या पुढ्यात आला, आणि मी मधे जाऊन उभी राहिले, कारण मला वाटलं हा आता हात उचलणार. त्यानं उचलला नाही.

"जाय," एवढंच म्हणाला. फोन त्यानं परत खिशात टाकला होता.

म्हणजे चित्र अजून तिथेच होतं, आणि वर्षाही.

घरी आल्यावर रंजितानं जेवणाला हात न लावता दुरुस्ती लिहायला घेतली. हिस्ट्री पुसली की चित्र जावं, आधी पुसलेल्याचं जुनं चित्रही जावं, अशी. तपासणाऱ्या माणसानं विचारलं, हा दोष कितपत गंभीर समजायचा? तिनं काय लिहिलं मला माहीत नाही, पण त्यानं दुसरं सगळं काम बाजूला ठेवून ती दुरुस्ती पास केली. नवीन ॲप आपोआप फोनांमध्ये जाईल म्हणाली. तांड्यात रेंज आली की.

मग नुसती वाट. नेमसिंग हिचा फोन उचलत नव्हता. हंसाबाई "आमाले काई माहीत नाही" म्हणायची. मी म्हटलं, हेल्पलाइनला तू तरी कळव. "कळोलं, काकू. ते जाऊन आले. वर्षा समोर आली म्हने, पन काही बोलली नाही." हे ऐकून मला आणखी धडकी भरली. खाली गेट वाजलं की रंजिता जिन्यात यायची, मीही दारात यायची, आणि दूधवाला बघून दोघी परत फिरायचो. मी तिला रागावले सुद्धा, कशाला नसत्या उठाठेवी केल्यास म्हणून. त्या दिवसांत ती हसायचीच बंद झाली होती.

बाजाराच्या दिवशी गेट वाजलं आणि नेमसिंग आत आला. मागे वर्षा, हातात कापडी पिशवी. मी आधी तिचे हात बघितले, मान बघितली, चेहरा बघितला. कुठे काही नव्हतं. तो ओट्यावर बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं पिऊन टाकलं.

"ते तिसरं चित्र गेलं," तो म्हणाला.

"अपडेट झालं असन," रंजिता म्हणाली.

"ते तू नोतं पाह्यलं. तू रविवारी आलती. चित्र आलं बुधवारी. मी दिवसातून दहादा पाह्यतो तो फोन, मले मालूम नाही का?"

रंजिता भिंतीला टेकली. वर्षा फरशीकडे बघत होती. पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं. त्या क्षणी मी घाबरले तशी आयुष्यात क्वचित घाबरले असेन. तो आता काय करायला आला आहे, हेच कळेना.

"मंग तवाच काहून नाही बोलला, भिया?"

"पाव्हण्यासमोर पोट्टीचं नाव घेऊ?" तो चिडून म्हणाला. मग रिकामा पेला त्यानं खाली ठेवला. "इले ठेव तुह्याजवळ. इथूनच कॉलेजात जाईन."

वर्षानं मान वर केली, पण बापाकडे बघितलं नाही. रंजितानं तिच्या हातातली पिशवी घेतली. मी चहा टाकते म्हटलं, तर तो "बाजार उरकाचा हाये" म्हणत उठला. पायऱ्या उतरला आणि गेटपाशी थांबला. खिशातून फोन काढून त्यानं ॲप उघडलं. कापूस होता, ढग होते. त्याखालच्या मोकळ्या जागेवर त्यानं अंगठा ठेवून बघितला.

"ते चित्र दिसे, तवा मले भेव वाटे, पन पोट्टीच्या मनात काय हाये ते कळे, रंजी," तो म्हणाला. "आता दिसत नाही, तं जास्त वाटते."