इम्तियाजला प्रेशर झेपत नाही म्हणे

आमच्या फ्लॅग फुटबॉल टीमचा दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, एक किस्सा होतो आणि रविवारी ऑफिस उघडलं की तो मजलाभर फिरतो. हसण्यासारखे पुष्कळ आहेत. पण इम्तियाजचे किस्से लोक ज्या पद्धतीने सांगतात, त्याचा मला संताप येतो.

इम्तियाज रत्नागिरीचा. इथे आखातात, शर्क भागातल्या आमच्या ऑफिसच्या टॉवरमध्ये लिफ्ट टेक्निशियन आणि आमच्या टीमचा क्वार्टरबॅक. म्हणजे या हाताने खेळायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल हातात आला की धावणाऱ्यांपैकी कुणाकडे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत त्यानेच ठरवायचं. साखळी सामने आम्ही त्याच्याच जिवावर जिंकतो. तरी आमचे कॅप्टन कुलकर्णी सर, बँकेतले बडे मॅनेजर, सगळ्यांना सांगत फिरतात, "बाद फेरीचं प्रेशर त्याला झेपत नाही."

* * *

पहिली सेमीफायनल अहमदीच्या मैदानावर. शेवटचा बॉल इम्तियाजने थेट कुलकर्णी सरांच्या छातीवर दिला. समोर कुणी नाही. चार पावलं धावले असते तरी जिंकलो असतो. बॉल सरांच्या हातातून सुटला.

परतताना गाडीत सर म्हणाले, "फार जोरात फेकला. घाबरला तो."

मागच्या सीटवरून त्यांची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, यू ड्रॉप्ड इट."

सरांनी एसी वाढवला.

* * *

पुढची सेमीफायनल आली रमजानमध्ये, इफ्तारच्या आधी. इम्तियाज रोजा धरून पूर्ण मॅच खेळला. आम्ही एका पॉइंटने हरलो.

सर पाणी पीत म्हणाले, "शेवटी दम कमी पडला त्याचा."

मी विचारलं, "सर, ही कितवी बाटली?"

"विषय तो नाहीये."

* * *

मग तिसऱ्या सेमीफायनलला सरांनी त्याला चक्क बाहेर बसवलं. अमेरिकेत शिकलेला समीर, सरांच्याच डिपार्टमेंटमधला मॅनेजर, क्वार्टरबॅक झाला. हाफटाइमपर्यंत त्याने तीन बॉल समोरच्या टीमच्या हातात दिले.

सर म्हणाले, "बॅड डे होता बिचाऱ्याचा."

म्हणजे मॅनेजरचा बॅड डे असतो आणि टेक्निशियन घाबरट असतो. इम्तियाज मात्र लाइनबाहेर उभा राहून समीरसाठी टाळ्या वाजवत होता. मला तर तेही सहन झालं नाही.

* * *

यंदा सेमीफायनल जिंकलो. शेवटच्या मिनिटाला दोघे अंगावर धावून येत असताना इम्तियाजने बॉल दिला आणि मी पकडला.

सर म्हणाले, "समोरची टीमच कमजोर होती."

* * *

परवा कुलकर्णी सर एकोणिसाव्या आणि विसाव्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले. आत एकटेच. दार बडवत ओरडत होते, "मला श्वास घेता येत नाहीये."

इम्तियाजने विसाव्या मजल्यावरचं दार बोटभर उघडलं आणि फटीशी तोंड नेऊन पालथा झोपला. "साहेब, खाली बसा. दाराला हात लावू नका. गाव कुठलं तुमचं?"

"सांगली."

"सांगलीत कुठे?"

पंचवीस मिनिटं सर त्याला गल्ली, शाळा, कॉलेजची सायकल असं सगळं सांगत राहिले. इम्तियाज हुंकार देत होता आणि मधूनच वॉकीटॉकीवर मशीनरूममधल्या जोडीदाराशी हळू आवाजात बोलत होता. शेवटी लिफ्ट वर आली. सर बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. शर्ट भिजून चिंब झाला होता.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना, साहेब," इम्तियाज म्हणाला. "पण आत तुम्ही घाबरला होतात. म्हटलं, आपण नंतर घाबरू."